तांदळात लिहिलेलं नाव

या लिखाणात मी कुणाचंही नाव घेणार नाही. माझंही नाही. नावांचे अर्थ मात्र येतील. त्यांच्याशिवाय हे सांगता येणार नाही.

मी गाईड आहे. परदेशी पाहुण्यांना शहरातून गाडीत घालून लेण्यांकडं न्यायचं, दिवसभर दाखवायचं, संध्याकाळी हॉटेलवर सोडायचं, हे काम मी ऐन तरुणपणापासून करतो. लोकांना वाटतं, गाईड म्हणजे बोलका माणूस. मी बोलका नाही. पाठ केलेलं बोलणं वेगळं आणि बोलणं वेगळं. अजिंठ्याचा रस्ता लांबचा, गाडीत सुरुवातीला सगळे गप्प बसलेले असतात, आणि ती शांतता फोडायला मला फार वर्षांपूर्वी एक युक्ती सापडली. मी पाहुण्यांना विचारतो, तुमच्या नावाचा अर्थ काय?

माणूस कुठलाही असो, या प्रश्नाला खुलतो. एका जपानी बाईंनी तळहातावर बोटानं दोन अक्षरं काढून दाखवली होती. एका अक्षराचा अर्थ शरद ऋतू, दुसऱ्याचा लेकरू. घाना देशातले एक प्राध्यापक म्हणाले, आमच्याकडं ज्या वारी जन्म त्या वाराचं नाव, म्हणजे मी शुक्रवार. आइसलँडच्या एका पोराला आडनावच नव्हतं. बापाचं नाव आणि त्याला जोडून 'चा मुलगा', झालं. त्याच्या बहिणीचं 'ची मुलगी'. थायलंडचं एक म्हातारं जोडपं आलं होतं. त्यांच्या लेकीचं खरं नाव चांगलं लांबलचक, पण घरात सगळे तिला बेडूक म्हणायचे. कशासाठी, तर भुताखेतांना वाटावं की हे माणसाचं पोर नाहीच. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडंही याच कारणासाठी दगड, धोंडा, केर अशी नावं ठेवायचे. म्हातारबाबा इतके हसले की ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं.

तो ड्रायव्हर माझा जुना जोडीदार. त्या दिवशी पाहुणे लेण्यात बसले असताना तो म्हणाला, "तुमचं खरंय साहेब, पण आमच्या आजोबांचं नाव केर होतं ते भुतासाठी नव्हतं. गावानंच ठेवलेलं. आमच्या माणसाला चांगलं नाव शोभत नाय म्हणायचे. मग धम्मदीक्षा घेतली तेव्हा म्हाताऱ्यानं स्वतःचं नाव स्वतः ठेवलं. त्याच्यानंतर जुन्या नावानं कुणी बी हाक मारू द्या, पाटील असो का तलाठी, वळायचाच नाय. एकदा मागून बैल सुटून आला, लोकं जुन्या नावानं ओरडताय, हा आपला सरळ चाललाय."

"मग?"

"मग काय? बैलानंच वाट बदलली."

हे सगळं मी अजूनही पाहुण्यांना सांगतो. आमच्या शहराचं नाव बदललं तेव्हा पाहुणे विचारायचे, नकाशावर एक आणि पाटीवर एक, असं कसं? मी दोन्ही सांगायचो आणि दोन्हींमागची गोष्टही सांगायचो. शहराच्या बाबतीत मला ते जमलं. बायकोच्या बाबतीत जमलं नाही. जगभरच्या माणसांना त्यांच्या नावाचा अर्थ विचारत फिरलो, पण तिला मी तो कधी विचारला नाही. उलट ते नावच तिच्याकडून काढून घेतलं.

तिचं माहेर लासूर स्टेशनचं. वडील तिथल्या बाजारात धान्य मापायच्या कामाला होते. तिचं माहेरचं नाव एका फळावरून ठेवलेलं, अंजिरावरून. फुलाफळांवरून बायकांची नावं ठेवायची रीत आमच्या मराठवाड्यात होती, आता गेली. बघायला गेलो तेव्हा तिनं चहा आणला, मान खाली घालून नाव सांगितलं आणि मला ते गावठी वाटलं. ही पहिली कबुली. मला तेव्हा नुकताच गाईडचा परवाना मिळाला होता, इंग्रजी तोंडात नवीनच खुळखुळत होतं, आणि चार माणसांत बायकोची ओळख करून देताना हे नाव कसं घ्यायचं, हा विचार चहा संपायच्या आत माझ्या मनात येऊन गेला. मुलगी आवडली होती. नाव काय, बदलता येतं.

दुसरं कारण जास्त चांगलं होतं, म्हणून लोकांना मी तेच सांगितलं. माझ्या पाठची बहीण शाळेत असतानाच काविळीनं गेली. तिच्या नावाचा अर्थ पहाट. ती गेल्यावर आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नाही. पहाट हा शब्दसुद्धा आईनं टाकला, ती 'तांबडं फुटायला' म्हणायची. भिंतीवर फोटो होता, पण हाक नव्हती. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, ते नाव आपण घरात परत आणावं. आईला किती बरं वाटेल. पाहुण्यारावळ्यांना मी सांगून टाकलं, आईची इच्छा आहे.

आमच्यात लग्न लागून वरात घरी आली की लक्ष्मीपूजन होतं. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा हातातल्या अंगठीनं त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो. मग बायका वाकून ते वाचतात आणि पेढे वाटतात. मी लिहिलं. अक्षर चांगलं यावं म्हणून एकदा मोडून पुन्हा लिहिलं. एक चुलती वाकली, वाचलं, "अगं बाई" म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला. आई माजघरात निघून गेली. डोळे पुसायला गेली असंल, असं मी बाजूच्याला कौतुकानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाची खीर झाली आणि सगळ्यांनी खाल्ली.

दुपारी पाहुणे पांगल्यावर बायको बहिणीच्या भिंतीवरच्या फोटोसमोर उभी होती. पोरीच्या दोन वेण्या, शाळेचा गणवेश.

"यांचं नाव दिलं का मला?"

"हो. छान आहे ना?"

"छान हाय की." मग म्हणाली, "मग माझं कुठं ठेवू?"

मी हसत म्हणालो, "ठेव ट्रंकेत."

तीही हसली. हसली म्हणून मी ते विसरून गेलो. पंचवीसेक वर्षं झाली असतील, तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. रेशनकार्ड, बँक, मुलाच्या शाळेचा दाखला, सगळीकडं तिचं नाव पहाट. तिचं खरं नाव फक्त लासूरला उरलं होतं. फोन लावला की ती "मी बोलते" म्हणून ते नाव सांगायची तेव्हा तिचा आवाज वेगळा लागायचा, जरा मोठा, जरा थोराड. माहेरी गेलो की अंगणातूनच तिला त्या नावानं हाका सुरू व्हायच्या. मला ते आवडायचं नाही. दोन दिवसांसाठी कुणीतरी माझी बायको बदलून ठेवल्यासारखं वाटायचं. मग तिचे वडील गेले, आई गेली. एकच भाऊ होता, तोही गेला. त्या नावानं हाक मारणारी घरची माणसं एकेक करून संपली आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हेही आता लिहून टाकतो. मी स्वतः तिला काय म्हणायचो? 'अगं' म्हणायचो. आमच्या वयाची माणसं बायकोला नावानं हाक मारतातच कुठं.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात पिठातच राहिला. मी बाहेर गाडीची वाट बघत बूट घालत होतो. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा आत गेलो. ती बसलेली होती, डोळे उघडे होते, ओठ एका बाजूला उतरले होते. ड्रायव्हर तेवढ्यात आला. पाहुण्यांना हॉटेलात तसंच ठेवून आम्ही तिला त्याच गाडीतून दवाखान्यात नेलं.

जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत शिकवावं लागेल. सुरुवातीचे महिने मोलाचे, तेवढ्यात जे परत येईल ते आपलं, नंतर अवघड होत जातं. हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. नंतर जे वागलो ते न कळून वागलो, असं मला म्हणता येणार नाही.

बोलणं शिकवायला एक तरुण पोरगी यायची. शहरातलीच, डोक्याला स्कार्फ, खांद्यावर मोठी कापडी पिशवी. सवयीनं मी तिलाही नावाचा अर्थ विचारला. ती म्हणाली, "माझं नाव लई लांब आहे काका, अरबी आहे. डोळ्यांचा गारवा, असा अर्थ. अब्बा म्हणतात, तुला बघून डोळ्यांना ठंडक पडली म्हणून ठेवलं. अम्मी म्हणते, आता कुठं गेली ती ठंडक?" मग फाइल बघून म्हणाली, "आंटीचं नाव पण मस्त आहे. पहाट ना?"

"हो," मी म्हणालो.

ती खुर्ची ओढून पलंगाशी बसली, बायकोचा डावा हात हातात घेतला आणि सावकाश विचारलं, "आंटी, तुमचं नाव काय?"

बायकोनं डोळे मिटले. गळ्याच्या शिरा ताणल्या. चिखलात रुतलेला पाय काढावा तसा तिनं तो शब्द काढला, आणि पूर्ण काढला. तिनं तिचं नाव सांगितलं. लासूरच्या अंगणातलं.

मला ते पहिल्या अक्षरालाच कळलं.

पोरीनं फाइलकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "काका, हे कुणाचं नाव? घरात असं कुणी आहे का?"

पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर आई बसली होती. आता ऐंशीच्या घरात आहे, ऐकू कमी येतं. मी आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं नाही, आणि मान हलवली. "नाही," मी म्हणालो, "असं कुणी नाही."

तेव्हा मी स्वतःला सांगितलं, आईसाठी. सून दवाखान्यात पडून म्हणतेय, मी ती नाही. म्हाताऱ्या बाईची लेक दुसऱ्यांदा जाईल. पण खरं असं होतं की मला राग आला होता. मरणाच्या दारातून परत येताना तिनं जे हाताला लागलं ते उचलून आणलं, आणि त्यात मी दिलेलं काहीच नव्हतं.

"हरकत नाही," पोरगी म्हणाली. "सुरुवातीला असा गोंधळ होतो. नाही आंटी, बघा माझ्या ओठांकडं." आणि तिनं माझ्या बहिणीचं नाव दोन तुकड्यांत फोडून म्हणून दाखवलं.

बायको तिच्या ओठांकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

दवाखान्यातून सुटल्यावर पोरगी घरी यायला लागली. पिशवीतून एक छोटा हातआरसा काढायची, बायकोच्या तोंडासमोर धरायची. "ही कोण?" बायको तिचं नाव सांगायची. "नाही आंटी." पुन्हा आरसा. "ही कोण?" पुन्हा तेच. पोरगी कधी चिडली नाही, आवाज चढवला नाही. प्रत्येक वेळी तिच्या मनगटावर थोपटून, डावा हात वर करून 'नाही'ची खूण करायची आणि बरोबर नाव म्हणून दाखवायची. बरोबर म्हणजे फाइलमधलं. मी दाराशी उभा असायचो. एक वाक्य बोलायचं होतं. आता बोललो तर पोरगी विचारेल, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? मग याचं उत्तर काय द्यायचं, या एका भीतीपोटी एकेक दिवस जात राहिला.

मुलगा पुण्याला नोकरीला. तो फोनवर म्हणाला, "बाबा, आई स्वतःचं नाव चुकीचं सांगते म्हणे. डॉक्टर काय म्हणतात?" त्यालाही ते नाव माहीत नव्हतं. लासूरला तिला सगळे त्या नावानं हाक मारायचे तेव्हा तो फार लहान होता. मी म्हणालो, "येईल हळूहळू."

आणि मग ती गप्प झाली. आधी नावाला गप्प झाली, मग सगळ्यालाच. त्याआधी तिला पाणी म्हणता येत होतं, भाकरी म्हणता येत होतं, 'व्हय' तर ठणठणीत म्हणायची. तेही थांबलं. आरसा धरला की मान फिरवायची. एक दिवस चपला घालताना पोरगी मला हळूच म्हणाली, "काका, शब्द गेले असते तर मी आणले असते. त्यांनी कोशिशच सोडलीय. काहीतरी झालंय का घरात?"

मी म्हणालो, "काही नाही."

कामाला जायला हवंच होतं. शेजारची बाई दिवसभर बसायची, मी महिन्यात चार-पाच फेऱ्या करायचो. अशाच एका फेरीत एक ऑस्ट्रेलियन बाई होत्या, निवृत्त शिक्षिका, एकट्याच आलेल्या. लेण्यांजवळ फर्दापूरला चहा घ्यायला थांबलो. मी रस्ताभर गप्प होतो, त्यांनीच विचारलं, घरी कोण कोण आहे? बायको आजारी आहे म्हणालो. मग त्यांनी माझाच प्रश्न मला परत केला. तिच्या नावाचा अर्थ काय?

"पहाट," मी म्हणालो. चहाचा घोट घेतला. "नाही. अंजीर."

इंग्रजीत बोललो म्हणूनच बोलू शकलो. ती माझी कामाची भाषा आहे. तिच्यात मी घरातलं काही ठेवलेलं नाही, त्यामुळं तिच्यात बोलताना लाजही कमी वाटते.

"अंजीर! माझ्या परसात झाड आहे. पक्षी काही उरूच देत नाहीत," बाई म्हणाल्या. "पण मग पहाट कोण?"

"माझी बहीण. ती नाही आता. तिचं नाव बायकोला दिलंय."

बाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, त्या तरुणपणी दूर वाळवंटात तिथल्या मूळ लोकांच्या वस्तीत शिकवायला होत्या. तिथं माणूस गेलं की त्याचं नाव कुणी घेत नाही. नाव घेतलं तर गेलेल्याला निवांत जाता येत नाही, असं मानतात. "माझ्या वर्गात त्याच नावाची एक मुलगी होती. तिला दुःखाचे दिवस सरेपर्यंत सगळे वेगळ्या नावानं बोलवायचे. मला त्याची सवय होईना. मी चुकून हजेरीत जुनं नाव घ्यायचे आणि सगळा वर्ग जमिनीकडं बघायचा."

त्यांनी एवढंच सांगितलं, आणि ते सहज सांगितलं. आमच्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. पण माझ्या डोळ्यांसमोर ते तांदळाचं ताट आलं, आणि तांदळावर वाकलेली चुलती, आणि उठून आत गेलेली आई.

घरी आलो तेव्हा आई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. बायको आतल्या खोलीत, दार उघडं. मी आईजवळ खाली बसलो.

"आई, एक बोलायचं होतं."

"मोठ्यानं बोल."

आयुष्यभर जे हळू आवाजातसुद्धा बोललो नाही, ते मला त्या संध्याकाळी ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढणारी बाई थांबली. मी ओरडून म्हणालो की दवाखान्यात सुनेनं सांगितलेलं नाव बरोबर होतं, तिचंच होतं, आणि मी नाही म्हणालो.

आईनं मेथीची काडी मोडली. "ठाऊक हाय."

"तुला ऐकू आलं होतं?"

"ऐकू नाय आलं. दिसलं. तिनं तोंड उघडलं, त्या पोरीनं तुला इचारलं, तू माझ्याकडं बघून मान हालवली. बहिरी हाय मी, आंधळी नाय."

"तू होतीस म्हणून मी—"

"माझ्या माथी नको मारू."

"आई, ते नाव मी तुझ्यासाठीच दिलं होतं तिला."

"मला कवा इचारलं?" आई आता माझ्याकडं बघत होती. "ताटात वाचलं अन् उठून आत गेले मी. मेलेल्या लेकीला रोज कितींदा हाक मारू? चहा आण म्हणून? भांडी घास म्हणून? इतकी वर्सं झाली, मी सुनेला त्या नावानं हाक मारलेली ऐकली का तू कवा?"

मी आठवून पाहिलं. आमचं घर दोन खोल्यांचं. इतक्या वर्षांत आईनं दिवसातून किती वेळा हाक मारली असेल. सगळ्या हाका एकच होत्या. पोरी, पाणी ठेव. पोरी, जेवली का? पोरी, आज लई थंडी हाय. जगाची नावं विचारणाऱ्या माणसाला हे ऐकू आलं नव्हतं.

"पोरी म्हणते मी तिला," आई म्हणाली. "तिचं तुला नको होतं, माझ्या लेकीचं मला नको होतं. काय म्हणू मग?"

"कधी बोलली का नाहीस?"

"तुला वाटत होतं, तू मला काय तरी मोठं दिलंस." ती परत मेथीकडं वळली. "देणाऱ्याला काय सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी पोरगी आली तेव्हा मी तिला दारातच थांबवलं आणि सांगितलं. बहीण, तांदूळ, दवाखाना, सगळं. ती स्कार्फचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "म्हणजे काका, आंटी पहिल्याच दिवशी पास झाल्या होत्या. आणि मी त्यांना रोज नापास केलं."

"तू नाही. मी."

"तुम्ही. पण हात तर माझा होता ना." तिनं डोळे पुसले आणि लगेच कामाच्या आवाजात म्हणाली, "चला. आता तुम्ही हाक मारायची. मी नाही."

बायको खिडकीशी खुर्चीत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिचं नाव घेतलं. ते मला नीट घेताही आलं नाही, मधेच अडखळलो, पुन्हा घेतलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. ओळखीचं बघणं होतं ते. मला वाटलं, नाव परत आलं.

मी विचारलं, "तुझं नाव काय?"

तिनं डोळे मिटले. गळ्याच्या शिरा पहिल्या दिवशीसारख्याच ताणल्या. इतक्या आठवड्यांत ती काही बोलली नव्हती. आणि तिनं सांगितलं. दोन तुकड्यांत, पोरीनं शिकवलं होतं अगदी तसं, एकही अक्षर न चुकवता. माझ्या बहिणीचं नाव.

मग तिनं डोळे उघडले आणि पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. बरोबर आलं का, म्हणून.

"नाही," मी म्हणालो आणि तिचं नाव पुन्हा घेतलं. तिनं मला थांबवलं. डावा हात वर केला, पोरगी करायची तशीच 'नाही'ची खूण केली, आणि माझ्या मनगटावर हळू थोपटलं. मी चुकलो होतो, आणि ती मला समजावत होती.

आता वर्ष होत आलं. पोरगी अजून येते, आठवड्यातून एकदा. बोलणं थोडं परत आलं आहे. पाणी, भाकरी, व्हय, नाय, मुलाचं नाव. आईनं 'पोरी' म्हटलं की ती ओ देते, लगेच देते. मोलाचे महिने सरले तेव्हा डॉक्टर म्हणाले, जे आलंय ते चांगलं आहे. त्यांना बाकीचं माहीत नाही.

लासूरची एक चुलत बहीण भेटायला आली होती. तिच्याकडून मला बायकोच्या नावाची गोष्ट कळली. बायकोची आत्या दौलताबादला दिलेली होती. बारशाला ती टोपलीभर अंजीर घेऊन आली, पाळण्यात वाकून बाळाच्या कानात तेच नाव सांगितलं, आणि उरलेली फळं गल्लीत वाटली. एवढी साधी गोष्ट होती. अंजीर हा शब्द इराणातून आलेला आहे, हे मला पाहुण्यांमुळं माहीत होतं. इतक्या लांबून येऊन तो शब्द लासूरच्या एका पाळण्यापर्यंत पोचला होता, आणि मी त्याला गावठी ठरवलं.

यंदा अंजिराचा हंगाम आला तेव्हा दौलताबादच्या रस्त्यावरून मी अंजिरांची टोपली घेऊन आलो. सोलून एकेक तिच्या हातात दिलं. पोरीनं विचारलं, "आंटी, हे काय?" तिनं बरोबर सांगितलं, "अंजीर." दुसरं उचलून पुन्हा सांगितलं. फळाचं नाव म्हणून तिला ते येतं. स्वतःचं म्हणून येत नाही.

मी रोज सकाळी चहा केला की स्वयंपाकघरातून तिला तिच्या नावानं हाक मारतो. आता न अडखळता मारतो, मोठ्यानं मारतो. शेजारीपाजारी ऐकतात, ऐकू देत. ती हाक तिच्यापर्यंत पोचते, कारण हातातलं थांबवून ती मान वळवते. माझ्याकडं नाही. दाराकडं. कुणी बाई भेटायला आली असेल, आत येऊ दे तिला, अशा नजरेनं ती थोडा वेळ दाराकडं बघत राहते.